विक्रम म्हटला की औषधच का? आकड्यांवर बोलू

गोल्फक्लब पहाट (प्रश्न)

मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणाऱ्या केनियाच्या रूथ चेपन्गेटिचवर बंद औषधाबद्दल तीन वर्षांची बंदी आली तेव्हापासून नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या कमी आणि वाद जास्त चाललेत. एक गट म्हणतो, जागतिक विक्रम म्हणजे सुई. दुसरा म्हणतो, काहींचं अंगच तसं घडलेलं असतं, केनियावाले उंचावर राहतात, आणि आपली कविता राऊतसुद्धा सावरपाड्याच्या डोंगरातून आली म्हणूनच २०१० ला दिल्लीत १० हजार मीटरचं राष्ट्रकुल कांस्य मिळवू शकली.

जाणकारांना विचारायचं ते असं. नुसती वेळ किंवा अंतर पाहून खरं-खोटं ठरवता येतं का? औषधाने किती फरक पडतो आणि अंगच्या देणगीने किती, हे कुणी मोजलंय का? नाशिकच्या उंचीचा खरोखर काही फायदा आहे का? आणि आमच्यात पोलीस भरतीची, जिल्हा-राज्य स्पर्धांची मुलंमुली आहेत, त्यांना नेमकं कशापासून लांब ठेवायचं? 'मेहनत हेच खरं' छापाची उत्तरं कृपया नकोत.

चकती-गोळा

एका आकड्यावरून माणूस दोषी ठरत नाही. पण आकडे ओळीने मांडले की एखादा काळच्या काळ उघडा पडतो. महिलांची गोळाफेक घ्या. विक्रम २२.६३ मीटर, नताल्या लिसोव्स्काया, १९८७. पॅरिस २०२४ चं सुवर्ण किती मीटरला गेलं? २०.००. थाळीफेकीत गॅब्रिएल राइन्शचे ७६.८० मीटर १९८८ पासून जागचे हललेले नाहीत, पॅरिसला ६९.५० वर सुवर्ण मिळालं. मधल्या काळात आहार सुधारला, तंत्र सुधारलं, प्रत्येक फेक व्हिडिओवर संथ करून बघता येऊ लागली, आणि फेक मात्र अडीच ते सात मीटरने आखूड झाली. आधी जे पोटात जात होतं ते जायचं थांबलं, याखेरीज दुसरं पटण्यासारखं कारण माझ्यापुढे कुणी ठेवलेलं नाही.

पूर्व जर्मनीत तर हे सरकारी काम होतं. 'स्टेट प्लॅन १४.२५' ची कागदपत्रं बर्लिनची भिंत पडल्यावर बाहेर आली, ओरल-ट्युरिनाबोल हे स्टिरॉइड कुणाला किती दिलं याच्या नोंदींसकट. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचा धावपटू बेन जॉन्सन स्टॅनोझोलोल या स्टिरॉइडवर सापडला, आणि त्यानंतर स्पर्धेबाहेर, सरावाच्या दिवसांत न सांगता येऊन नमुना घेण्यावर जोर आला. खरा फरक तिथे पडला. स्टिरॉइडचा उपयोग सरावाच्या महिन्यांत होतो, शर्यतीच्या दिवशी नाही. फक्त स्पर्धेत तपासणी म्हणजे पीक निघाल्यावर शेतावर राखण बसवण्यासारखं.

महिलांचेच विक्रम जास्त का अडकले? बहुतेक बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक) लिटरला २ नॅनोमोलच्या आत असतं, पुरुषांत साधारण ८ ते ३०. जिथे मुळात थोडं आहे तिथे बाहेरून घातलेल्या तेवढ्याच मात्रेचा परिणाम कितीतरी पट. पुरुषांचा गोळाफेकीचा १९९० चा २३.१२ मीटरचा विक्रम रायन क्राउझरने २०२१ ला मोडला आणि २०२३ ला २३.५६ वर नेला. २.०१ मीटर उंचीचा माणूस आहे तो, गोळा सुटतो तीच जागा इतरांपेक्षा वर. देणगी म्हणायची तर ती ही.

आता शिक्के मारायची घाई असलेल्यांसाठी. मारिटा कॉखचे ४०० मीटरचे ४७.६० (कॅनबेरा, १९८५) चाळीस वर्षं 'माणसाला अशक्य' म्हटले गेले. टोकियो २०२५ ला सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन ४७.७८ धावली. अशक्य म्हणणाऱ्यांनी आपलं वाक्य परत घ्यायला हरकत नाही. त्याने १९८५ धुऊन निघत नाही, हेही तेवढंच खरं.

बूट आणि वारा

औषधाआधी वारा बघा. ग्रिफिथ-जॉयनरचे १०० मीटरचे १०.४९ (इंडियानापोलिस, १६ जुलै १९८८) घेऊन लोक स्टिरॉइडवर तासन्‌तास बोलतात. त्या शर्यतीला वायुमापकाने ०.० दाखवलं, आणि त्याच सुमारास शेजारच्या तिहेरी उडीच्या पट्ट्यावर ४.३ मीटर प्रति सेकंद वारा नोंदला गेला. विक्रमाला मर्यादा २.० ची. तिची एकही चाचणी सकारात्मक आलेली नव्हती. तिथला पहिला संशयित ते यंत्र आहे.

बॉब बीमनची ८.९० मीटर उडी (१९६८) मेक्सिको सिटीतली, उंची २२४० मीटर, हवा विरळ, आणि वारा बरोबर २.०, नियमाच्या काठावर. पुरुषांच्या थाळीफेकीचा १९८६ चा ७४.०८ चा विक्रम २०२४ ला ओक्लाहोमातल्या रामोना गावात मोडला, तिथलं मैदान वाऱ्यासाठीच निवडतात. थाळीफेकीत वाऱ्याला मर्यादाच नाही, आणि समोरून तिरपा येणारा वारा थाळी उचलून धरतो.

रस्त्यावरच्या शर्यतींत २०१७ पासून कार्बन पट्टीचे बूट आले. प्रयोगशाळेत त्याच वेगाला लागणारी ऊर्जा सुमारे ४ टक्क्यांनी कमी भरली. वेगात उतरताना फायदा त्याहून थोडा कमी दिसतो, तरी मॅरेथॉनमध्ये तो मिनिटांत मोजण्याइतका आहे. म्हणून तर मर्यादा घालावी लागली: रस्त्यावर तळ ४० मिलिमीटरपर्यंत आणि आत एकच पट्टी, ट्रॅकवर नोव्हेंबर २०२४ पासून २० मिलिमीटर. शिवाय ट्रॅकच्या कडेने वेग दाखवत पळणारे दिवे. २०१५ ची वेळ आणि २०२५ ची वेळ शेजारी ठेवून 'एवढी सुधारणा कशी' असं विचारताना दोन्ही वेळा पायात काय होतं ते आधी विचारा.

रक्ततपासनीस

'देणगी की औषध' अशी निवड नसतेच. औषध चढतं ते देणगीवरच, आणि देणगीवाल्याला औषधाची भूल पडत नाही असंही नाही.

मोजलेलं विचारलंत म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. १९९६ चा भसिन यांच्या गटाचा प्रयोग. ४३ निरोगी पुरुष, चार गट, दहा आठवडे, औषधवाल्यांना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट. औषध नाही पण वजनं उचलली त्यांचं चरबीविरहित वजन १.९ किलोने वाढलं. औषध घेतलं आणि व्यायाम केलाच नाही त्यांचं ३.२ किलोने. दोन्ही केलं त्यांचं ६.१. व्यायाम न करणारा व्यायाम करणाऱ्याच्या पुढे गेला, हे वाक्य 'औषधाने काय होतं, मेहनत तर करावीच लागते' म्हणणाऱ्यांनी दोनदा वाचावं.

आता देणगी. फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टिरान्टा, १९६४ ला इन्सब्रुकमध्ये दोन सुवर्णपदकं. त्याच्या घराण्यात ईपीओ (लाल पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक, हेच टोचूनही घेतात) जिथे चिकटतं त्या ग्राहकाच्या जनुकात बदल होता. त्यामुळे त्याचं हिमोग्लोबिन २० च्या वर असायचं (आपल्या रिपोर्टवर पुरुषाचं १३.५ ते १७.५ असतं). तो बदल घरातल्या अनेकांत होता, सगळे काही ऑलिंपिकला गेले नाहीत. सरावाला शरीर किती दाद देतं हेही घराण्यावर आहे: हेरिटेज नावाच्या अभ्यासात सगळ्यांना सारखाच २० आठवड्यांचा सराव दिला, काहींची ऑक्सिजन घेण्याची क्षमता जवळपास तिथेच राहिली, काहींची मिनिटाला लिटरभर वाढली. त्या फरकाचा सुमारे ४७ टक्के वाटा अनुवंशाचा निघाला. तेवढ्यावरून मुलांची 'क्रीडा जनुक' चाचणी करून घ्यायला पळू नका. एसीटीएन३ हे त्यातलं गाजलेलं जनुक, जगातल्या साधारण १८ टक्के लोकांत त्याचं प्रथिन बनतच नाही. ते बनत असलं म्हणून कुणी धावपटू होत नाही. मैदानावर ३० मीटर पळवून घड्याळ लावलं तर त्याहून जास्त कळतं, तेही फुकट.

मग नैसर्गिक जास्त हिमोग्लोबिन आणि टोचलेलं, यात फरक कसा ओळखतात? एका रिपोर्टवरून नाही. २००९ पासून खेळाडूचा जैविक पासपोर्ट आहे, त्यात तुलना होते ती तुमची तुमच्याशीच. त्यातला एक आकडा ऑफ-स्कोअर: हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्यायचं (रिपोर्टवरचे १५ म्हणजे इथे १५०), त्यातून रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या लाल पेशींच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा करायची. हिमोग्लोबिन १५० आणि रेटिक १ टक्का असेल तर १५० वजा ६०, म्हणजे ९०. हे नेहमीचं. आता हिमोग्लोबिन १७० आणि रेटिक ०.२५ टक्के. वर्गमूळ ०.५, म्हणून १७० वजा ३०, म्हणजे १४०. रक्त भरपूर आहे पण हाडातल्या मज्जेने नव्या पेशी बनवणं जवळजवळ थांबवलंय. मज्जा असं करते जेव्हा तिला बाहेरून आलेलं जास्तीचं रक्त दिसतं, किंवा ईपीओ नुकतंच बंद केलेलं असतं. जन्मतः जास्त हिमोग्लोबिन असलेल्याचं रेटिक असं तळाला जात नाही, आणि त्याचा आलेख वर्षानुवर्षं तसाच असतो.

हा आकडा बिघडवणाऱ्या साध्या गोष्टीही आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन वर दिसतं. म्हणून सरावानंतर दोन तास थांबून आणि दहा मिनिटं खुर्चीवर बसवूनच रक्त घेतात, आणि आधीचे दोन आठवडे उंचावर होतात का हे अर्जावर विचारतात. शेवटी तीन तज्ज्ञ आलेख बघतात, यंत्र निकाल देत नाही.

आणि चाचणीत सापडतात तेवढेच घेतात असं समजू नका. २०११ च्या देगू जागतिक स्पर्धेत खेळाडूंना नाव न कळता, उत्तरावरून कुणालाच ओळखता येणार नाही अशा पद्धतीने विचारलं होतं. त्यावरून काढलेला अंदाज: गेल्या वर्षभरात ४३.६ टक्क्यांनी काहीतरी घेतलेलं. चाचण्यांत सकारात्मक निघतात ते जगभर एक-दोन टक्क्यांच्या आसपास.

गोल्फक्लब पहाट

ऑफ-स्कोअर पहिल्यांदाच असा उलगडून वाचला, आभार. मग चेपन्गेटिचचा २:०९:५६ चा विक्रम अजून यादीत कसा? आणि उंचीचं राहिलंच.

रक्ततपासनीस

कारण तारखा. विक्रम शिकागोचा, १३ ऑक्टोबर २०२४. सापडलेला नमुना १४ मार्च २०२५ चा. निकाल रद्द होतात ते त्या तारखेपासून पुढचे. सापडलं हायड्रोक्लोरोथायझाइड, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी. कळवण्याची मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, तिच्यात सुमारे ३८००. या गोळीने कुणी वेगाने धावत नाही, उलट अंगातलं पाणी जातं. ती बंद आहे कारण लघवी पातळ होऊन दुसरं काही असेल तर ते लपतं. घरकाम करणाऱ्या बाईची गोळी घेतली, असं तिने नंतर सांगितलं. चार वर्षांची शिक्षा लवकर कबुली दिल्याने तीनवर आली.

विक्रमाबद्दल शंका घ्यायची तर तिचा चढ बघा: २०२२ ला त्याच शिकागोत २:१४:१८, दोन वर्षांनी ४ मिनिटं २२ सेकंद कमी. आधीचा विक्रम २:११:५३ चा होता. शेजारी आपला अविनाश साबळे ठेवा, ३००० मीटर स्टीपलचेस: २०१८ ला ८:२९.८०, २०१९ ला ८:२१.३७, २०२२ ला ८:११.२०, २०२४ ला ८:०९.९१. पायऱ्या दिसतात, आणि वर जाताना दर वर्षाच्या हिशोबाने पायरी लहान होत जाते. मात्र चढ हा पुरावा नव्हे. कुणावर नजर ठेवून वरचेवर नमुने घ्यायचे एवढंच त्यावरून ठरतं, आणि तपासणीवाले तसंच करतात.

साल्हेर-ट्रेल

उंचीचं मी सांगतो. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. रक्त वाढायला २००० ते २५०० मीटरवर तीन-चार आठवडे मुक्काम लागतो, दिवसाचे निदान बारा-चौदा तास. केनियाचं इतेन २४०० च्या आसपास आहे, आपल्याकडे उटी २२४० ला. नाशिक जिल्ह्यातलं साल्हेर १५६७ मीटर आणि हद्दीवरचं कळसूबाई १६४६. म्हणजे जिल्ह्यात सगळ्यात उंच दगडावर तंबू ठोकलात तरी ईपीओ फारसं हलणार नाही. रविवारी अंजनेरी चढून 'हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग' असा फोटो टाकणाऱ्यांनी मांड्यांचा व्यायाम झाला एवढंच समाधान मानावं.

कविता राऊतमागे काय होतं? डोंगरात चालण्या-पळण्याचं बालपण आणि विजेंद्र सिंग सरांकडे भोसलाच्या मैदानावर वर्षानुवर्षं केलेला सराव. हवा विरळ असल्याचा त्यात भाग नाही. नाशिकचा खरा फायदा हिवाळ्यातल्या सकाळचा, दहा-बारा अंशांत लांब पळता येतं, मुंबईकराला ते मिळत नाही.

उंचीचा हिशोबही मोठा नाही. योग्य उंचीवर शंभर तासांना साधारण १ टक्का हिमोग्लोबिन वाढतं, म्हणजे रोज १४ तास धरून चार आठवड्यांत ४ टक्के. आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर तेही नाही, कच्चा मालच नसतो. आपल्या मुलींसाठी उटीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. हिमोग्लोबिन १० असलेल्या मुलीचं लोहाच्या गोळ्यांनी १२ झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद पाचव्या हिश्श्याने वाढते. लोहाच्या गोळ्यांवर कसलीही बंदी नाही. जेवणानंतर लगेच चहाबरोबर घेऊ नका, तेवढं पाळा.

गंगापूर रोड फार्मसी

शेवटच्या प्रश्नावर येतो, कारण तुमच्या मुलांना ईपीओ कुणी देणार नाही. ती अडकतात कफ सिरपवर.

वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) २०२३ च्या आकडेवारीत भारताचे ५६०६ नमुने तपासले गेले, त्यात २१४ सकारात्मक, ३.८ टक्के. एवढ्या मोठ्या प्रमाणावर तपासणाऱ्या देशांत हे सगळ्यात जास्त. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे (आपली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) लोक आल्याचं कळताच १०० मीटरच्या अंतिम फेरीला एकच धावपटू उभा राहिला. सकारात्मक निघालेल्यांतले किती मुद्दाम घेणारे आणि किती नकळत, हे सोडा. नियमात तो फरक शिक्षा ठरवताना येतो, दोष ठरवताना नाही. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची.

खोकल्याचं औषध: आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन (श्वासनळी मोकळी करणारं औषध) असतं, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनच्या जोडीला. टर्ब्युटालिन स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर दोन्हीकडे बंद. त्याच जातीचं साल्ब्युटामोल पोटातून घेतलं तर तेही बंद. बाटलीच्या पुढच्या नावाकडे बघू नका, मागे घटक वाचा. नाव तेच ठेवून घटक वेगळे असलेल्या दोन-तीन बाटल्या एकाच कपाटात असतात. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून नको. नुसतं सेटिरिझिन चालतं.

सलाईन: हे सगळ्यात दुर्लक्षित. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून घे' हा आपल्याकडचा सल्ला. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून गेलं की नियमभंग, मग बाटलीत नुसतं ग्लुकोज का असेना. साधी बाटली ५०० मिलिलिटरची. रुग्णालयात खरोखर उपचार चालू असतील तर सूट आहे, गल्लीतल्या दवाखान्यात हौसेने लावलेल्याला नाही.

गुडघ्यातलं, कमरेतलं इंजेक्शन: स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद. ट्रायमसिनोलोन स्नायूत घेतलं तर अंश ६० दिवस राहू शकतो. डॉक्टरांना 'मी स्पर्धा खेळतो' हे वाक्य तोंडाने सांगा, ते विचारतीलच असं नाही.

घरातल्या गोळ्या: आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड जोडलेलं असतं. वर चेपन्गेटिचचं वाचलंतच.

पावडर आणि काढे: वजन वाढवायच्या सुट्ट्या, बिनलेबलच्या भुकट्या नकोत, 'आयुर्वेदिक' छापलेल्या तर आधी नकोत. त्यात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. चेहरा गोल होतो, भूक वाढते, घरचे खूश. क्रिएटिन आणि कॅफिनवर बंदी नाही, पण डबा सीलबंद, बिलासकट आणि बॅच क्रमांक दिसणारा हवा. संपल्यावरही दोन चमचे ठेवून द्या, उद्या भेसळ सिद्ध करायची वेळ आली तर तेवढाच आधार.

भरतीची मुलं: जिममध्ये नॅन्ड्रोलोन हे स्नायू वाढवणारं स्टिरॉइड टोचून १६०० मीटरला उतरायचं, हा हिशोबच उलटा आहे. वाढलेलं वजन चार फेऱ्या वाहून न्यायचं असतं. स्नायू आठवड्यांत वाढतो, त्याला हाडाशी बांधणारा कंडरा (टेंडन) महिन्यांत, म्हणून जोर लावला की मांडीचा मागचा स्नायू फाटतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं, छातीला गाठी येतात. मुलींचा आवाज बदलला तर तो परत येत नाही.

पंच-नाशिक

वरच्यात नमुन्याचं राहिलं, जोडतो. नाव पुकारलं की सोबतचा माणूस नजरेआड होऊ देत नाही. लघवी किमान ९० मिलिलिटर लागते, ए बाटलीत ६० आणि बी बाटलीत ३०. घाईने दोन लिटर पाणी पिऊन बसलात तर लघवी पातळ येते, विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे त्याचा आकडा) ९० ते १५० मिलिलिटरच्या नमुन्यात १.००५ च्या खाली गेलं की पुन्हा थांबा, पुन्हा द्या. त्यात मुलांची रात्रीची गाडी चुकते. घोट घोट प्या. बाटल्या तुम्ही स्वतः निवडायच्या, दोन्हींवरचा क्रमांक अर्जावरच्या क्रमांकाशी जुळवायचा. मागच्या सात दिवसांत घेतलेलं प्रत्येक औषध, भुकटी, गोळी अर्जावर लिहायची. 'काही नाही' लिहून मोकळं होणारे पुढे सुनावणीत फसतात. अर्जाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

गोल्फक्लब पहाट

ग्रुपमध्ये दोन मुलांना दमा आहे, पंप वापरतात. ते काय करतील?

गंगापूर रोड फार्मसी

साल्ब्युटामोलचा पंप चालतो, मर्यादेत. २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. आपल्याकडच्या पंपात एक दाब साधारण १०० चा, म्हणजे ८ तासांत सहा दाब. शर्यतीआधी दोन दाब घेतले तर काळजी नाही. त्याहून जास्त लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, आधी डॉक्टर गाठा. नेब्युलायझरचं औषध किंवा साल्ब्युटामोलची गोळी लागणार असेल तर स्पर्धेच्या निदान ३० दिवस आधी उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज नाडाकडे करायचा, सोबत फुप्फुसाच्या चाचणीचा रिपोर्ट जोडून. आणि पंपावरचं नाव नीट वाचा, टर्ब्युटालिनचाही पंप येतो. त्याला ही मर्यादा नाही, त्याला आधी सवलतच लागते.